तो आवाज तुम्हालाही ऐकू आला ना? आघात, एकटेपण आणि आजची भयकथा

हल्लीच्या भयकथेत भूतच नसतं, अशी तक्रार हमखास ऐकू येते. तीनशे पानं वाचून काढायची. त्यात एक बाई एकटी राहते, तिची झोप उडालेली असते, बहिणीशी ती फोनवर तुटक बोलते, मधूनच कुठेतरी काहीतरी वाजतं. आणि शेवटी नेमकं काय झालं ते कळतच नाही. भूत होतं, की बाईचंच डोकं फिरलं होतं? लेखकाला शेवट सुचला नाही की काय?

तक्रार अगदीच खोटी नाही. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या भयकथांवर वाढलेल्या वाचकाला ही नवी भयकथा अर्धवट सोडलेली वाटते, यात नवल नाही. तिथे सगळं स्वच्छ असतं. अमंगळ शक्ती बाहेरून येते, माणसं तिच्या कचाट्यात सापडतात, मग जाणकार, अधिकारी पुरुष येतो आणि तिचा बंदोबस्त करतो. वाचकाची घाबरगुंडी उडते, पण हे जग कुणाला तरी समजतं एवढा भरवसा राहतो. नव्या भयकथेत तो जाणकारच येत नाही. भूत असलं तरी त्याच्याविषयी काही ठाऊक असलेला माणूस नसतो, आणि मुख्य म्हणजे ते भूत दुसऱ्या कुणी पाहिलेलं नसतं.

माझ्या मते या साहित्याची किल्ली नेमकी इथे आहे. भूत खरं की खोटं, हा त्यातला दुय्यम प्रश्न. ‘मला जे दिसलं ते तुलाही दिसलं का?’ हा खरा प्रश्न, आणि होय म्हणायला जवळपास कुणी नसणं ही खरी भीती. आघातामुळे जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहते, आणि एकटेपणामुळे ती खरी की भास हे तपासायची सोय उरत नाही. दोन्ही एकत्र आले की हा प्रकार तयार होतो.

आघात म्हणजे नुसतं दुःख नव्हे

‘ट्रॉमा’ हा शब्द आता कुठेही वापरला जातो. परीक्षेचा ट्रॉमा, ट्रॅफिकचा ट्रॉमा. इथे मात्र तो जरा जपून वापरायला हवा. दुःखाची गोष्ट सांगता येते. ती केव्हा घडली, आधी काय झालं, नंतर काय झालं, हे माणूस रडत रडत का होईना पण क्रमानं सांगतो. आघाताचं तसं नसतं. घटना इतकी अचानक किंवा इतकी भयंकर असते की मनाला ती ‘घडून गेलेली’ म्हणून ठेवून देता येत नाही. ती आठवत नाही, ती पुन्हा घडते.

वैद्यकशास्त्रानं या अवस्थेला अधिकृत नाव दिलं ते १९८० साली. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे पीटीएसडी, हे निदान आलं. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा त्यामागे मोठा रेटा होता. त्याआधी पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ हा शब्द होता, आणि तो लागलेल्या अनेक सैनिकांना भित्रे ठरवलं गेलं होतं.

आता या अवस्थेची मुख्य लक्षणं पाहा. घटनेची दृश्यं, आवाज, वास न बोलावता परत येतात, स्वप्नात आणि जागेपणीही. माणूस त्या घटनेशी जोडलेल्या जागा, वस्तू, माणसं टाळायला लागतो. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असतं. जरा खुट्ट झालं की दचकायचं, झोप नाही, पाठ भिंतीकडे करून बसायचं.

हे वाचताना भयकथा आठवली नाही तरच आश्चर्य. न बोलावता परत येणारं काहीतरी. घरातली एक खोली जिकडे कुणी जात नाही. रात्री जिन्यावरच्या प्रत्येक आवाजाकडे लागलेला कान. झपाटलेल्या घराचं सगळं सामान या तीन लक्षणांत आधीच हजर आहे. म्हणून ‘भूत म्हणजे आघाताचं प्रतीक’ हे सरधोपट वाक्य मला अपुरं वाटतं. आघात झालेल्या मनाची आणि भयकथेची घडणच सारखी आहे. लेखकाला प्रतीक मुद्दाम चिकटवावं लागत नाही.

मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडच्या लेखनातही हे दोन विषय अगदी शेजारी शेजारी येतात. १९१९ साली त्यानं अनोळखी न वाटता ओळखीच्याच गोष्टीतून येणाऱ्या विचित्र भीतीवर निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी, युद्धावरून आलेले सैनिक तीच भयानक स्वप्नं पुन्हा पुन्हा का पाहतात, या कोड्याशी तो झगडत होता. त्या १९१९च्या निबंधात त्यानं स्वतःचा एक किस्सा तळटीपेत दिला आहे. रेल्वेच्या डब्यात तो एकटा बसला होता. धक्का बसून शेजारचं दार उघडलं आणि एक म्हातारा गृहस्थ आत आला. चुकून आमच्या डब्यात शिरला वाटतं, हे सांगायला फ्रॉइड उठला. मग लक्षात आलं की ते आरशातलं त्याचं स्वतःचंच प्रतिबिंब होतं. आणि तो माणूस पाहताक्षणी त्याला मुळीच आवडला नव्हता. यात राक्षस नाही, रक्त नाही. तरी एका क्षणासाठी स्वतःचाच चेहरा परका झाला. आजच्या भयकथेचा बराचसा धंदा या एका क्षणावर चालतो.

भिंतीवरची ठकठक

शर्ली जॅक्सनची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ ही कादंबरी १९५९ची. म्हणजे पीटीएसडी हे नाव यायच्या एकवीस वर्षं आधीची. आघातानं भयकथेचा सांगाडा कसा घडतो हे तिच्याइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं, म्हणून तिच्यापाशी जरा जास्त थांबते.

नायिका एलेनॉर बत्तीस वर्षांची. त्यातली अकरा वर्षं तिनं आजारी आईची सेवा करण्यात घालवली आहेत. आई गेल्यावर तिला एका संशोधकाचं पत्र येतं: झपाटलेल्या समजल्या जाणाऱ्या एका घरात काही दिवस राहायला या. तिला जायला दुसरी जागाच नाही, त्यामुळे ती जाते. पहिल्या भयंकर रात्री मोठ्या ठोक्यांनी ती अर्धवट जागी होते आणि अंधारात दिवा चाचपत उत्तर देते: आले आई, आले.

वाचताना हे वाक्य सहज निसटून जातं. पुष्कळ पुढे, ओघात, ती सांगते की आई गेली त्या रात्री आईनं भिंतीवर ठोकून तिला हाका मारल्या होत्या आणि तिला जाग आली नाही. आणि मग आणखी एक शंका ती बोलून दाखवते: की जाग आली होती, आणि ऐकूनही मी पुन्हा झोपले?

आता मागे जाऊन ते ठोके आठवा. घराला तिचं गुपित माहीत आहे का? की तीच ते ठोके सोबत घेऊन आली? गंमत म्हणजे ठोके इतरांनाही ऐकू येतात, त्यामुळे ‘सगळे तिच्या मनाचे खेळ’ म्हणून सुटका नाही. आणि तिची खरी जखम आईचा मृत्यू ही नाहीच. आपण नेमकं काय केलं हे तिला स्वतःलाच ठाऊक नाही, ही ती जखम. स्वतःच्या बाबतीतसुद्धा तिच्याकडे साक्षीदार नाही.

याच कादंबरीत पुढे एक प्रसंग आहे, ज्याची नक्कल नंतर असंख्य लोकांनी केली. अंधारात पलीकडून कुणा मुलाचं रडणं, कण्हणं ऐकू येतंय. एलेनॉर तिच्यासारखीच पाहुणी म्हणून आलेल्या थिओडोराचा हात गच्च धरून पडून आहे. हात इतका घट्ट की बोटांची हाडं जाणवावीत. शेवटी ती ओरडते, दिवा लागतो, आणि थिओडोरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या पलंगावर झोपेतून उठून बसलेली असते. मग तो हात कुणाचा होता? जॅक्सन उत्तर देत नाही, प्रसंग तिथेच संपतो. अंधारात एकच आधार होता, दुसऱ्या माणसाचा हात, आणि लेखिकेनं नेमका तोच काढून घेतला.

एकट्या माणसाचं मन

एकटेपणाचं भयकथेतलं काम वातावरणनिर्मितीपुरतं आहे, असा एक समज असतो. ओसाड बंगला, बर्फात अडकलेलं हॉटेल, नेटवर्क नसलेलं जंगल. ते आहेच. पण माणसाचं मन एकटं पडल्यावर खरोखर काय करतं, हे पाहिलं की लेखक किती कमी अतिशयोक्ती करतात ते कळतं.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर द्यायचे, त्या काळी बरी रक्कम, आणि काम काय तर पडून राहायचं. डोळ्यांवर धूसर चष्मा, ज्यातून उजेड येई पण आकार दिसत नसे. हातांवर पुठ्ठ्याची आवरणं, कानांशी फोमची उशी आणि यंत्राची एकसुरी घरघर. काही न करता पैसे मिळत असूनही बरेच जण काही दिवसांतच उठून गेले. त्याआधी अनेकांना भास व्हायला लागले होते: आधी ठिपके आणि नक्षी, मग चालती-फिरती अख्खी दृश्यं. बाहेरून काही मिळेना म्हटल्यावर मेंदू स्वतःच चित्रं तयार करायला लागला.

१९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत सुमारे दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर यायला सांगितलं, तेव्हा त्याच्या हिशोबानं २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस कुठे गेले ते त्याला कळलंच नव्हतं. भयकथेत ‘मंगळवार होता ना? मग आज शुक्रवार कसा?’ असं पात्र विचारतं, तेव्हा ती लेखकाची युक्ती वाटते. ते एकटेपणाचं साधं लक्षण आहे.

पण सगळ्यात बोलका अभ्यास मला वाटतो तो डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरचा, १९७१चा. जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांना त्यानं विचारलं की गेलेलं माणूस तुम्हाला कधी जाणवतं का. जवळपास निम्म्या लोकांनी हो सांगितलं. कुणाला घरात त्यांचा वावर जाणवायचा, कुणाला ते दिसायचे, कुणाला आवाज ऐकू यायचा, कुणी त्यांच्याशी बोलायचं. ही माणसं वेडी नव्हती, आणि अनेकांना त्या अनुभवाचा आधारच वाटत होता. मात्र बहुतेकांनी ही गोष्ट तोवर कुणालाही सांगितली नव्हती.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. अनुभव सर्रास होता आणि तरी प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच होतंय. भास माणसाला घाबरवतो त्याहून जास्त घाबरवतो तो सांगता न येणं. आजची भयकथा त्या न सांगण्यात आपलं घर बांधते.

एकटं पडणं आणि एकटं पाडलं जाणं

यात एक मोठा फरक आहे, आणि चांगले लेखक तो कधी विसरत नाहीत. शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ची. लेखिकेला स्वतःला बाळंतपणानंतर नैराश्यानं घेरलं होतं, आणि त्या काळच्या प्रख्यात डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी त्यांचा ‘विश्रांती-उपचार’ सुचवला होता: पडून राहा, घरात रमा, बुद्धीला ताण नको, लेखणीला तर हातच लावू नका. त्या उपचारानं आपण वेडाच्या काठावर पोचलो होतो, असं गिलमननं पुढे लिहिलं.

कथेतली बाई डॉक्टर नवऱ्याच्या देखरेखीखाली वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलेली आहे. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला. भिंतीच्या पिवळ्या कागदाची नक्षी तिला खुपते. ही खोली नको म्हटलं की नवरा हसून समजूत काढतो. वाईट माणूस नाही तो. प्रेमळ आहे, आणि तेच भयंकर आहे. तिच्या प्रत्येक वाक्याला त्याच्याकडे एक शांत, समंजस उत्तर तयार असतं. हळूहळू तिला त्या नक्षीमागे एक बाई रांगताना दिसायला लागते.

जेमतेम काही पानांची ही कथा चोरून लिहिलेल्या डायरीच्या रूपात येते. म्हणजे वाचक सोडून तिचं म्हणणं ऐकायला कुणीही नाही. घरात माणसं आहेत, पण साक्षीदार नाही. छळ सोसलेल्या माणसांच्या अनुभवात हे पुन्हा पुन्हा दिसतं: घडलं त्याहून, ‘असं काही घडलंच नाही, तुझा गैरसमज झाला’ हे ऐकणं जास्त खोल जातं. आजच्या कितीतरी कथांमधला खलनायक भूत नसतो, तर अविश्वास दाखवणारा समंजस माणूस असतो. डॉक्टर, भाऊ, पोलीस, प्रेमळ जोडीदार.

दोन कप

आता थोडं कारागिरीविषयी. हे सगळं पानावर उतरतं कसं? एक साधा प्रसंग घेऊन पाहू. एक माणूस एकटा राहतो. वर्षभरापूर्वी त्याचा भाऊ गेला आहे. सकाळी उठल्यावर त्याला ओट्यावर धुऊन पालथे ठेवलेले दोन कप दिसतात.

जुन्या पद्धतीनं लिहायचं तर: ‘त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरात तो एकटाच होता! मग दुसरा कप कुणी वापरला?’ उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, आणि वाचकाला सूचना की आता घाबरा.

दुसरी पद्धत: ‘ओट्यावर दोन कप पालथे होते. त्यानं एक उचलून चहा ओतला. दुसरा तसाच राहू दिला.’

इथे त्याला धक्का बसलेला नाही. म्हणजे हे रोज होतं का? की दुसरा कप तोच मांडतो आणि त्याला ते आठवत नाही? की आठवतं, पण तो आपल्याला सांगत नाही? तीन शब्द, ‘तसाच राहू दिला’, आणि वाचक त्याच्यापेक्षा जास्त घाबरतो, कारण जे पात्राला जाणवायला हवं ते फक्त वाचकाला जाणवतंय. पुढच्या पानावर बहिणीचा फोन येऊ द्या. ती विचारते, ‘जेवलास का?’ तो म्हणतो, ‘हो, जेवलो आम्ही.’ ती क्षणभर गप्प होते आणि विषय बदलते. भूत अजून आलेलं नाही, पण घरात साक्षीदार उरला नाही हे पक्कं झालं. एक होती, तिनं विषय बदलला.

या पद्धतीची हत्यारं फार नाहीत. निवेदकावर पूर्ण विश्वास टाकता येऊ नये. काळाचा क्रम मोडावा, कारण आघाताची आठवण क्रमानं येत नाही. एखादी वस्तू किंवा वाक्य पुन्हा पुन्हा यावं, दर वेळी किंचित वेगळं. आणि मूळ घटना शक्यतो सरळ सांगू नये, तिच्याभोवती फिरत राहावं. त्स्वेतान टोडोरोव्ह या अभ्यासकानं १९७० साली मांडलं होतं की अद्भुताचा खरा प्राण अनिश्चितीत असतो: घडलं ते नैसर्गिक की अलौकिक, हे ठरेपर्यंतच त्याचं राज्य. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) येऊन एक शतक उलटलं तरी लोक तिच्यावरून भांडतायत, ते यामुळेच. तळ्याकाठी, मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेला भूत अगदी समोर दिसतं. शेजारी उभ्या असलेल्या घरच्या कारभारीण मिसेस ग्रोस यांना काहीच दिसत नाही. संपूर्ण कादंबरिका त्या दोन बायकांमधल्या दीड-दोन हात अंतरात आहे.

जेव्हा आघात एकट्याचा नसतो

भयकथेचं लक्ष आता खाजगी दुःखापलीकडे गेलं आहे, आणि मला वाटतं गेल्या काही दशकांतलं उत्तम काम इथेच झालं. टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) झपाटलेल्या घरापासूनच सुरू होते. तिच्यामागे खरी घटना आहे: १८५६ साली मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली, आणि पकडायला माणसं आली तेव्हा मुलगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या हातानं तिला मारलं. अशा आईच्या घरात मुलगी परत आली तर? मॉरिसन ते भूत अजिबात संदिग्ध ठेवत नाही. ते जेवतं, झोपतं, वाढतं. गुलामीच्या इतिहासाविषयी ‘हे खरं की भास’ असा खेळ खेळणं तिला परवडणारं नव्हतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

बाबाक अन्वरीचा ‘अंडर द शॅडो’ (२०१६) हा फारसी चित्रपट इराण-इराक युद्धाच्या काळातल्या तेहरानमध्ये घडतो. क्षेपणास्त्रं पडतायत, इमारतीतली कुटुंबं एकेक करून शहर सोडून जातायत, नवरा आघाडीवर, आणि शिदेह मुलीला घेऊन मागे राहते. क्रांतीच्या काळातल्या राजकीय कामामुळे तिला वैद्यकीय शिक्षण पुरं करू दिलेलं नाही. वरच्या मजल्यात न फुटलेलं क्षेपणास्त्र घुसतं, छताला भेग पडते, आणि त्या भेगेतून जिन्न आलाय असं वाटायला लागतं. एका रात्री ती जीव मुठीत धरून मुलीसह अनवाणी रस्त्यावर धावत सुटते, आणि पोलीस तिला पकडतात, कारण डोकं झाकलेलं नाही. घरात जिन्न, बाहेर हे. जावं कुठे? ‘घरातून पळून का जात नाही?’ हा भयपटांना विचारला जाणारा हक्काचा प्रश्न इथे तोंडातच विरतो. ‘हिज हाउस’ (२०२०) मध्ये दक्षिण सुदानमधून इंग्लंडमध्ये आलेल्या निर्वासित जोडप्याची अशीच कोंडी आहे: मिळालेलं घर झपाटलेलं आहे, आणि नियमाप्रमाणे ते सोडलं तर आसरा मागण्याचा हक्कच धोक्यात येतो.

सूत्र झालं की भीती गेली

आता थोडी कुरकुर. जेनिफर केंटचा ‘द बाबाडूक’ (२०१४) आला तेव्हा तो ताजा होता. विधवा आई, चिडका मुलगा, नवरा तिला बाळंतपणासाठी इस्पितळात नेताना अपघातात गेलेला. त्या दिवशीच मुलगा जन्मला, त्यामुळे त्याचा वाढदिवस कधी धड साजराच होत नाही. चित्रपटाचा शेवट सांगते, न पाहिलेल्यांनी पुढची दोन वाक्यं गाळावीत. राक्षस मरत नाही. तो तळघरात राहतो, आणि आई रोज त्याला वाडग्यातून किडे नेऊन देते.

हा शेवट विलक्षणच होता. पण त्यानंतर प्रत्येक दुसऱ्या चित्रपटात राक्षस म्हणजे दुःख, अंधार म्हणजे नैराश्य, आणि शेवटी नायिका राक्षसाच्या डोळ्यात डोळे घालून रडते, असं गणित सुरू झालं. गणिताचा त्रास असा की उत्तर कळलं की पुढची पायरी वाचायची गरज राहत नाही. चाळिसाव्या मिनिटाला प्रेक्षकाला समजतं की हे आईच्या मृत्यूबद्दल आहे, आणि मग तो निवांत होतो. भीती म्हणजे न कळणं, आणि इथे तर सगळंच समजावून दिलेलं. शिवाय त्यात एक छुपं आश्वासन असतं की जखमेला नाव दिलं की ती बरी होते. जॅक्सनची एलेनॉर आपली जखम बोलून दाखवते, तरी तिचं काही भलं होत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. छळ, अत्याचार, बालपणीची हिंसा हे पात्राला ‘खोली’ देण्याचं तयार साहित्य झालं आहे. भूतकाळातलं एक भयानक दृश्य घुसडलं की पात्र झालं, असं अनेकांना वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे: त्या घटनेशिवाय त्या पात्राला काही आवडनिवड, काही खोड, काही विनोद आहे का? एलेनॉर हिल हाउसकडे जाताना वाटेत दिसणाऱ्या घरांत आपण राहतोय अशी कल्पना करत जाते. ती आधी माणूस आहे, जखमी नंतर.

हे वाचायचं तरी कशाला?

मजा येते हे पहिलं उत्तर, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी भयघरात जाणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले, त्यांची मतं विचारली, आणि २०२० साली निष्कर्ष छापला: भीती फार कमी असली तर कंटाळा, फार जास्त झाली तर त्रास, आणि मधल्या पट्ट्यात सर्वाधिक आनंद. तो पट्टा ज्याचा त्याचा वेगळा. कोविडच्या पहिल्या लाटेत केलेल्या आणखी एका पाहणीत भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास तुलनेनं कमी नोंदवला होता. यावरून भयपट पाहून मन कणखर होतं असा निष्कर्ष मात्र काढू नये. कदाचित मुळात कणखर असलेलेच लोक ते पाहत असतील.

ज्यांच्यावर खरोखर आघात झाला आहे, त्यांच्यासाठी सरसकट सल्ला देता येत नाही. काहींना अशा कथेत पहिल्यांदाच आपल्या अनुभवाचा आकार दिसतो आणि हायसं वाटतं. काहींना तीच कथा आठवडाभर झोपू देत नाही. दुसऱ्या गटात असाल तर पुस्तक अर्ध्यात ठेवण्यात काहीही कमीपणा नाही, आणि त्रास सरतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. भयकथा हा उपचार नाही.

सुरुवात करायचीच असेल तर ‘द यलो वॉलपेपर’पासून करा. एका बैठकीत संपते आणि स्वामित्वहक्क संपलेला असल्यानं इंटरनेटवर मोफत मिळते. तिची शेवटची दोन पानं घाईनं वाचू नका. त्यानंतर ‘हिल हाउस’, आणि ती वाचताना भिंतीवरच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवा. ‘अंडर द शॅडो’ शेवटी ठेवा, आणि शक्य झालं तर कुणाला तरी सोबत घेऊन पाहा, म्हणजे मध्येच ‘तुलापण दिसलं ना ते?’ असं विचारता येईल.